मागचं उजवं दार

मांडवगण फराट्याच्या हौसरावांना दोन गोष्टींचा अभिमान होता, आणि त्या दोन्ही ऐकवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. एक म्हणजे त्यांची विहीर बहात्तरच्या दुष्काळातही आटली नव्हती. आणि दुसरी म्हणजे त्यांची फियाट. कागदोपत्री गाडीचं नाव पद्मिनी होतं, पण तालुक्यात तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. एक्क्याऐंशी साली नवी कोरी घेतलेली, सायीच्या रंगाची, आणि अजून सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारी. लग्न असो, दहावा असो, सोसायटीची निवडणूक असो, ऐकणारा सापडला की हौसराव टोपी मागं सारून सुरू व्हायचे, "त्रेचाळीस वर्सात एक वरखडा न्हाई. आन् माझ्याबिगर स्टेरिंगला कुणाचा हात न्हाई."

हे वाक्य दौंडच्या अयुबनं जितक्या वेळा ऐकलं असेल तितक्या वेळा खुद्द झुंबरबाईंनीही ऐकलं नसेल, आणि त्या तर हौसरावांच्या लग्नाच्या बायको. अयुबचं रेल्वे रुळांखालच्या मोरीपासून थोडं पुढं गाड्यांच्या कुशनचं दुकान. ट्रॅक्टरच्या गादीपासून जीपच्या हुडापर्यंत सगळं शिवायचा. हौसरावांच्या गाडीला तर अयुबच्या बाविसाव्या वर्षापासून दुसऱ्या कुणी सुई लावली नव्हती. हौसराव ते वाक्य बोलायला लागले की अयुबला हमखास खाली काहीतरी पडलेलं दिसायचं, आणि तो ते शोधायला वाकायचा. हौसरावांना वाटायचं, पोरगं कामसू आहे. पोरगं आता एकोणसाठ वर्षांचं झालं होतं, पण वाकायची सवय गेली नव्हती.

कारण असं, की गाडीचं मागचं उजवं दार त्या गाडीचं नव्हतंच.

सदतीस वर्षांपूर्वी हौसराव साखर कारखान्याच्या मंडळींबरोबर तीन दिवस मुंबईला गेले होते. तेव्हा झुंबरबाईंनी गाडी शेडमधून मागं घेतली आणि विहिरीवरच्या दगडी हौदाच्या कोपऱ्याला घातली. गाडी त्यांना कुणी शिकवली नव्हती. सहा वर्षं डाव्या बाजूला बसून, पदराआडून नवऱ्याचे हातपाय बघत त्या आपल्या आपण शिकल्या. नवरा कारखान्यावर गेला की शेडपासून बांधापर्यंत न्यायची आणि परत आणायची, एवढंच. त्या दिवशी मागं घेतानाच घात झाला. सासू देवदर्शनाला गेलेली, म्हणून निभावलं. दार असं चेपलं की काचेचा चुरा गादीवर पडला. बाईंनी गाडी दौंडला अयुबच्या दारात आणली आणि एवढंच म्हणाल्या, की हे यांना कळलं तर मला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. अयुबनं शब्द दिला. बाई एसटीनं माघारी गेल्या, आणि सासूला सांगितलं की अयुबनं गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून सीट कव्हर शिवायला नेली आहे, यांना मुंबईहून आल्यावर अचंबा वाटावा म्हणून.

मग अयुबनं सकाळच्या गाडीनं पुणं गाठलं, भंगारात त्याच बांध्याच्या पण दोन-चार सालं आधीच्या गाडीचं दार शोधलं आणि चादरीत बांधून पॅसेंजरच्या डब्यातून दौंडला आणलं. दार निळं होतं. बाहेरून सायीचा रंग मारला. आतून मारला नाही, कारण आतून त्यावर पॅड, म्हणजे रेक्झिनचं अस्तर, बसणार, आणि पॅडच्या मागं कोण बघायला जातंय, असं बाविसाव्या वर्षी त्याला वाटलं. भोकं जुळेनात, तेव्हा जुनं पॅड त्यानं सोल्युशननं चिकटवून टाकलं. वर कबूल केलेली सीट कव्हरं शिवायची होतीच. तीन दिवस तो झोपला नाही. हौसराव दौंडला गाडी न्यायला आले ते नव्या कव्हरांवर इतके खूश झाले की दाराकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती सदतीस वर्षं झाकून ठेवायची म्हणजे हाताला मुंग्या येतात. दोन हजार तीन साली त्या दाराची काच अडकली, तेव्हा पॅड उघडावं लागेल म्हणून अयुबनं ठोकून दिलं, की मामा, ह्या काचेला हात लावू नका, हिला हलवली की फुटणार, आता असली काच मिळत नाही. तेव्हापासून ती काच उघडली नाही. हौसरावांची नातवंडं मे महिन्यात त्या बाजूला बसून घामाघूम व्हायची आणि हौसराव अभिमानानं सांगायचे, ओरिजिनल काच आहे, सांभाळायला लागते.

आता काय झालं, की हौसरावांचा मुलगा विश्वजीत पुण्याहून आला आणि बापाच्या हौसेत हौस म्हणून त्यानं मोबाइलवरून चारही दारांचे तयार पॅड मागवले. मरून रंगाचे, मधे सायीचा पट्टा. रविवारी शिरूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथं मालकानं माइकवर आपल्या गाडीची गोष्ट सांगायची असं ठरलेलं. हौसराव आठ दिवसांपासून गोठ्यात म्हशींपुढं ती गोष्ट म्हणून बघत होते. वरखडा न्हाई, माझ्याबिगर हात न्हाई. म्हशींचा काही आक्षेप नव्हता.

शुक्रवारी सकाळी दहाला गाडी अयुबच्या दारात उभी राहिली. हौसरावांनी पॅडचं खोकं उतरवलं. झुंबरबाई डाव्या दारातून हळूहळू, एकेक पाय धरून उतरल्या. दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी खोक्याकडं पाहिलं.

"चारी दारं हायती का?" त्यांनी विचारलं.

"चारी, मामी," अयुब म्हणाला.

दुकानाच्या मागंच घर होतं. तिथं मेहरुनकडं, अयुबच्या बायकोकडं, झुंबरबाई जाऊन बसल्या. पण जाताना त्यांनी एकदा वळून अयुबकडं पाहिलं.

गाडी दोन दिवस ठेवून जा, असं त्यानं फोनवरच सुचवलं होतं. पण हौसराव गाडी एकटी सोडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी खुर्ची मागवली, ती गाडीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि मांडी ठोकून बसले. अयुबनं मनाशी हिशेब केला, की मागचं उजवं दार सगळ्यांत शेवटी घ्यायचं, आणि तोवर काहीतरी सुचेल.

सुचत काहीच नव्हतं, पण हात चालत होते. काच फिरवायच्या दांड्याची टोपी दाबायची, दाभणानं आतली पिन ढकलायची, की दांडा सुटतो. मग आतली मूठ, मग हात टेकायच्या पट्टीचे स्क्रू. मग पॅडच्या कडेनं पातळ पट्टी घालून एकेक क्लिप उचलायची. जुने पॅड खालून भिजून भिजून भुगा झालेले, हातात आले ते तुकड्यांनीच. नव्या पॅडला दांड्याची भोकं पाडलेली नव्हती. अयुबनं दांडा ज्यावर बसतो त्या दारातल्या टोकाला खडू फासला, पॅड त्यावर दाबून धरलं आणि उचललं. पॅडच्या पाठीवर पांढरा ठिपका उठला. तिथं भोक पाडलं. मग पॅड लावून तळहातानं कडेकडेनं थापटत गेलं की क्लिपा टक टक करत बसतात.

हौसरावांना तो टक आवाज इतका आवडला की दुसऱ्या दाराला त्यांनी अयुबला थांबवून शेवटच्या दोन क्लिपा स्वतः बसवल्या. अयुबला त्यांचा लळा होता तो असल्याच गोष्टींमुळं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस एकर ऊस, आणि क्लिप बसली की पोरासारखा हसतो. अयुबचा बाप गेला तेव्हा मांडवगणहून पहिला पोचलेला माणूस हौसराव, मेहरुनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा गाडी काढणारा हौसराव. अशा माणसाला आपण सदतीस वर्षं खोट्यात ठेवलंय, हे मनात आलं की अयुब उगाच क्लिपा पुन्हा मोजायला लागायचा.

एक वाजायच्या आत तीन दारं झाली. चौथ्याकडं बघत अयुब म्हणाला की ड्रिलची वायर जळाल्यासारखी वाटते. हौसरावांनी ड्रिल लावून पाहिलं, चांगलं चालत होतं. मग तो म्हणाला, जेवून घ्या, मेहरुननं भाकरी टाकल्यात. हौसराव म्हणाले, काम संपल्यावर गोड लागतं. मग त्याला आठवलं की आज शुक्रवार आहे, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. नमाजाला जायचंय, तासभर दुकान बंद करू, म्हणाला.

"तू जा की," हौसराव म्हणाले, "मी बसतो राखण."

अयुब गेला. नमाजात त्याचं चित्त नव्हतं हे वेगळं सांगायला नको. मशिदीत उभा असताना त्याला तोड सुचली. मामांना सांगायचं, हे दार गंजलंय, त्याचं पॅड सोमवारी बसवू, रविवारी मेळाव्यात गाडी अशी लावा की हे दार भिंतीकडं येईल. परत येताना त्यानं ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं वाक्य होतं.

दुकानाशी आला आणि जागच्या जागी थांबला.

हौसराव अयुबच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. हातात दाभण. पायाशी जुन्या पॅडचे तुकडे, दांडा, मूठ, स्क्रू एका ओळीत मांडलेले. तीन दारं डोळ्यात तेल घालून पाहिली होती त्यांनी, चौथं आपण उघडून ठेवावं, पोराचं काम हलकं होईल, असा त्यांचा विचार. पॅड निघत नव्हतं तरी त्यांनी हट्टानं ओढून काढलं होतं. आणि समोर उघडं दार होतं, वरपासून खालपर्यंत निळं.

"अयुब," त्यांनी मान न वळवता विचारलं, "ह्ये दार कुणाचं?"

एका क्षणात अयुबला तीन-चार खोट्या गोष्टी सुचल्या. कंपनीतच असं आलं असेल, ही त्यातली सगळ्यांत बरी. पण हौसराव उठून पहिल्या दाराशी गेले, पॅडच्या कडेतून आत बोट घालून सायीचा रंग पाहिला आणि परत आले. गावभर सांगत फिरलेल्या माणसाला आपलीच गाडी अशी तपासताना बघणं अयुबला सहन होईना. शब्द मोडला तर मामींचं घर, आणि नाही मोडला तर आपण चोर. त्याला निवड करायला फार वेळ लागला नाही.

"मी बदललं, मामा," तो म्हणाला. "सीट कव्हरला गाडी आल्ती तवा. मागं घेताना मोरीच्या खांबावर घातली. भ्यालो, आन् भंगारातलं दार बसवलं."

हौसराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दार गेलं त्याचं काय न्हाई रं," ते म्हणाले. "पर मी सदतीस वर्सं गावभर सांगत फिरलो, आन् तू खाली बघत ऐकत ऱ्हायलास. मला खोटं पाडलंस तू. तुला मी घरचा समजत व्हतो."

अयुबनं शब्द पाळला होता, आणि तो पाळल्यामुळं जिवाभावाचा माणूस हातचा जात होता. हौसरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि राहिलेलं पॅड खोक्यात घालायला सांगितलं. दार लाव, आम्ही निघतो, म्हणाले. त्यांनी ते इतक्या हळू आवाजात सांगितलं की अयुबच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्याला कशाला बोलताय?"

मागच्या घराच्या उंबऱ्यात झुंबरबाई उभ्या होत्या. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी. मागं मेहरुन.

"दार म्या ठोकलं," त्या म्हणाल्या. "आपल्या हौदाला. आन् गाडी बी म्याच आणली हितवर."

हौसराव हसले. पोराला पाठीशी घालते आहेस, म्हणाले, तुझी माया कळते मला. आगं, तुला कधी सायकल तरी येत होती का, असंही म्हणाले. झुंबरबाई अयुबकडं बघून म्हणाल्या, "सांग आता. फिटला तुझा शबूद."

सदतीस वर्षं जे पोटात ठेवलं ते बाहेर काढायला माणूस किती आतुर असतो, हे ज्यानं असं काही पोटात ठेवलंय त्यालाच कळेल. लोकांना वाटेल, अयुब एक लाजिरवाणी गोष्ट लपवून होता. तसं नव्हतं. त्याच्या उभ्या आयुष्यात डोळ्यांनी पाहिलेली सगळ्यांत भारी गोष्ट ती, आणि तीच कुणाला सांगायची सोय नव्हती. मेहरुनलासुद्धा नाही. त्यानं खाली बसून, स्टुलाला पाठ टेकून सांगायला सुरुवात केली.

दुपारची वेळ होती. तो बाहेर बसून गादीत काथ्या भरत होता. मोरीकडून गाडीचा रडल्यासारखा आवाज यायला लागला, दुसऱ्या गेरमधे कुणी ताणून धरल्यासारखा. बघतो तर मामांची फियाट. तिच्या मागं एक ट्रक, दोन टांगे, सायकलींची रांग, सगळे हॉर्न आणि घंट्या वाजवतायत, आणि पुढची गाडी काही घाई करत नाही. त्याला वाटलं मामा आले. गाडी बरोबर दुकानासमोर थांबली आणि गचकन बंद पडली. दार उघडलं, आणि स्टेअरिंगच्या बाजूनं आधी एक पाय उतरला, पायात जोडवी. मग हिरवं नऊवारी. मामी उतरल्या, डोईवरचा पदर सारखा केला, मागं वळून ट्रकवाल्याला हातानंच खुणावलं की जा आता. चावी कनवटीला खोचली. आणि मग दुकानात आल्या.

"रडत व्हती?" हौसरावांनी विचारलं.

"न्हाई मामा," अयुब म्हणाला. "हसत व्हत्या. दार चेपलेलं, आन् ह्या हसत व्हत्या. आधी हसल्या, पाणी पिल्या, आन् मग दाराचं बोलल्या. तसं हसताना म्या त्यांना परत कवा बघितलं न्हाई."

हौसरावांनी बायकोकडं पाहिलं. लग्नाला बावन्न वर्षं झालेली, आणि ते तिच्याकडं असं बघत होते की मेहरुननं तोंडाला पदर लावला आणि दुसरीकडं पाहिलं.

"मांडवगणपसनं? एकटी?" ते म्हणाले.

"व्हय."

"पुलावर समोरून गाड्या येतात. भ्याली न्हाईस?"

"भ्याले की. पर थांबवायची कशी ते नीट ठावं नव्हतं," झुंबरबाई म्हणाल्या. "मग म्हटलं, दौंडलाच थांबू."

हौसरावांच्या गालाची कड हलली. मग त्यांनी विचारलं की पुढं परत का नाही चालवलीस. बाईंनी हातातली मेथी स्टुलावर ठेवली. गाडी धड झाली तर पुन्हा हात लावणार नाही, असं देवाला बोलल्या होत्या. आणि देवाचं सोडा, त्या म्हणाल्या, पुढच्याच आठवड्यात तुम्ही चावडीवर बोललात, माझ्याबिगर स्टेरिंगला कुणाचा हात न्हाई. लोकांनी वाहवा केली. तुमचा तो मोठेपणा मी कसा मोडू.

"मला सांगायचं तरी," हौसराव म्हणाले.

"तुम्ही कवा इचारलं, तुला यील का म्हणून?"

हौसरावांनी निळ्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला. मग अयुबकडं वळून म्हणाले, "मला सांगताना तू खांबावर घातली म्हणालास. तुझ्या जिवावर घेतलंस."

"शबूद दिलावता, मामा."

"व्हय," हौसराव म्हणाले. "मी तुला बोललो ते पोटात धरू नगंस." आणि थोड्या वेळानं, "पुन्यांदा सांग. कशी उतरली ते सांग."

अयुबनं पुन्हा सांगितलं. या वेळी ट्रकमागं तीन टांगे आले, पण कुणी हरकत घेतली नाही. हौसराव ऐकता ऐकता डोळे पुसत होते आणि हसत होते. हे मी बघायला पाहिजे होतं, एवढंच ते मधे मधे म्हणत होते. मी कारखान्याच्या मीटिंगीत जांभया देत होतो, आणि हे मी बघायला पाहिजे होतं.

जेवणं झाली. अयुबनं निळ्या पत्र्यात नव्या पॅडच्या मापानं ड्रिलनं भोकं पाडली. अडकलेली काच मोकळी करायला त्याला पाच मिनिटं लागली, आणि ती वर-खाली होताना बघून हौसरावांनी त्याला एक सणसणीत शिवी दिली, मायेची. आतून सायीचा रंग मारू का, असं अयुबनं विचारलं. नको, निळंच राहू दे, ते म्हणाले. चौथ्या पॅडच्या क्लिपा त्यांनी झुंबरबाईंना बसवायला लावल्या. बाई वाकता येत नाही म्हणून गादीवर बसून, आतल्या अंगानं, एकेक क्लिप थापटत गेल्या.

रविवारी माइकवर कोण बोलणार, हेही तिथंच ठरलं. हौसराव म्हणाले की मी बोलणार नाही, मी काही पाहिलेलं नाही. अयुब, तू यायचंस, आणि तू सांगायचं. अयुबनं आयुष्यात माइक हातात धरला नव्हता, पण तो हो म्हणाला.

मग निघायच्या वेळी हौसरावांनी चावी काढली आणि गाडीच्या टपावरून बायकोपुढं धरली. झुंबरबाईंनी चावीकडं पाहिलं, तिला हात लावला आणि परत सारली.

"आता कुठं?" त्या म्हणाल्या. "क्लच दाबायला गुडघं हायती का माझं? यळंला इचारायचं असतं."

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. हौसराव चावी हातात धरून तसेच उभे राहिले. अयुबला वाटलं, आता हे पुन्हा टोपी काढून बसतात की काय. पण ते वळसा घालून उजव्या बाजूला गेले, बसले, आणि डावं दार आतून उघडून बाईंना बस म्हणाले. बाई एकेक पाय धरून बसल्या. फियाटला पुढं सलग गादी असते आणि गेरचा दांडा स्टेअरिंगखाली डाव्या अंगाला. हौसरावांनी गादीवर हात थोपटला.

"सर हिकडं," ते म्हणाले. "गुडघं माझं, हात तुझा. मी क्लच दाबतो, तू गेर टाक."

झुंबरबाई दोन इंच सरकल्या. मग आणखी दोन इंच. त्यांनी पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि दांड्यावर हात ठेवला. पहिला गेर इतक्या मोठ्यानं खरखरला की समोरचा रसवंतीवाला बाहेर आला. जी गाडी हौसरावांनी त्रेचाळीस वर्षं अशी कधी करकरू दिली नव्हती, ती गचके खात, उड्या मारत रस्त्याला लागली, आणि आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. अयुब आणि मेहरुन दारात उभे होते. तेवढ्यात दुसरा गेर पडला, आणि आधीपेक्षा बरा पडला.

गाडी मोरीकडं वळेपर्यंत अयुबला काचेतून दोघांची डोकी दिसत होती. हौसरावांचं तोंड रस्त्याकडं नव्हतं, बायकोकडं होतं. पुढं बघा म्हणून अयुबनं हात वर करून खुणावलं, पण ते दोघांपैकी कुणालाच दिसलं नाही.